राखणीची मजुरी

3 डिसेंबर 2024 रोजी बर्न कराराच्या स्थायी समितीने युरोपातल्या लांडग्याचं संरक्षण एका पायरीने खाली आणलं. युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठी 1979 मध्ये झालेल्या या आंतरराष्ट्रीय करारात लांडगा ‘कडक संरक्षित’ प्राण्यांमध्ये मोडत होता. मार्च 2025 पासून तो नुसता ‘संरक्षित’ राहिला आणि त्याच वर्षी युरोपीय संघाने आपला कायदाही त्याला जुळवून घेतला. लांडगे मारायची परवानगी द्यायची का आणि किती, हे ठरवताना तिथल्या सरकारांचे हात आता बरेच मोकळे झाले आहेत. शेतकरी संघटनांनी निर्णयाचं स्वागत केलं, निसर्ग संघटनांनी निषेध केला.

या वादात दोन्ही बाजूंचं एकाच ठिकाणी चुकतं असं मला वाटतं. दोघेही लांडग्याच्या स्वभावावरून भांडतात. एकाच्या लेखी तो रक्ताला चटावलेला, दुसऱ्याच्या लेखी तो माणसाने उगाच बदनाम केलेला, जंगल सावरणारा, निरुपद्रवी जीव. गेल्या साठ-सत्तर वर्षांत लांडग्याविषयी पुष्कळ कळलं आहे, आणि जे कळलं आहे त्यात या दोन्ही चित्रांना आधार नाही. शिवाय स्वभावाचा निकाल लागला तरी प्रश्न सुटत नाही. रात्री मेंढरांपाशी कोण उभं राहणार आणि त्या उभं राहण्याचे पैसे कोण देणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तो लांडग्याला विचारून चालणार नाही.

युरोपातला लांडगा कोणी आणून सोडलेला नाही, हे आधी सांगायला हवं. 1970 च्या दशकात इटलीत जेमतेम शंभरेक लांडगे उरले होते, तेही अपेनाइन डोंगरांच्या सांदीकोपऱ्यात. 1976 मध्ये तिथे त्यांना पूर्ण संरक्षण मिळालं. 2020-21 च्या देशव्यापी मोजणीत तो आकडा सुमारे 3,300 वर गेला. तिथूनच काही लांडगे आल्प्स चढून 1992 मध्ये फ्रान्सच्या मर्कांतूर भागात पोचले. पोलंडकडून आलेल्या जोडीने 2000 साली जर्मनीच्या सॅक्सनीत, लष्कराच्या सरावाच्या मैदानात पिल्लं घातली. त्या देशातून लांडगा नाहीसा झाल्याला तेव्हा शतक उलटून गेलं होतं. आज युरोपीय संघात वीस हजारांहून जास्त लांडगे आहेत. डोंगरातली गावं ओस पडली, माणसं शहरांकडे गेली, सोडलेल्या शेतांवर झाडी माजली, हरणं आणि रानडुकरं वाढली, आणि कायद्याने बंदूक खाली ठेवायला लावली. लांडग्याने रिकामी झालेली जागा भरली, एवढंच. जी गावं टिकली, त्यांच्या वाट्याला मात्र शंभर वर्षांपूर्वी विसरलेला शेजारी पुन्हा आला.

हा शेजारी कसा आहे? त्याच्याविषयीची सर्वांत चिवट गैरसमजूत प्राणिसंग्रहालयात जन्मली. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 मध्ये लिहिलं की टोळीत सतत सत्तेसाठी चढाओढ चालते आणि जो सगळ्यांना नमवतो तो प्रमुख होतो. कुठूनकुठून आणलेले, एकमेकांशी नातं नसलेले, पळायला वाव नसलेले प्राणी एका आवारात कोंडले तर आणखी काय दिसणार? अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हीच कल्पना उचलली आणि ती जगभर पसरली. पुढे याच मेक यांनी 1986 पासून कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या बिळाशेजारी बसून काढले. तिथे त्यांना नर, मादी आणि त्यांची एक-दोन वर्षांची मुलं असं कुटुंब दिसलं. प्रमुखपद जिंकावं लागत नव्हतं, ते आईबाप असण्यातच आलं होतं. 1999 मध्ये त्यांनी तसा शोधनिबंध लिहिला, आणि प्रकाशकाच्या मागे लागून आपलं जुनं पुस्तक छापणं अखेर थांबवायला लावलं. दरम्यान ती कल्पना कुत्र्यांना वळण लावणाऱ्यांपासून ऑफिसात कसं वागावं हे शिकवणाऱ्यांपर्यंत सगळीकडे रुजली होती, आणि अजून आहे.

टोळी म्हणजे कुटुंब हे एकदा ध्यानात आलं की लांडग्याच्या बऱ्याच वागण्याचा उलगडा होतो. शिकारीहून परतलेला लांडगा बिळापाशी येतो तेव्हा पिल्लं धावत येऊन त्याचं तोंड चाटतात, ओठांच्या कडा दातांनी ओढतात, आणि तो पोटातून आणलेलं मांस त्यांच्यापुढे ओकतो. काही किलो मांस कित्येक किलोमीटर आणायची ही त्याची रीत. आईबापांइतकंच हे काम थोरली भावंडंही करतात; आई शिकारीला गेली की त्यांतलं एखादं पिल्लांपाशी थांबतं. शिकार मात्र मुळीच सोपी नसते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात वापिती हरणावर केलेल्या दर पाच प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी होतो. हरणाच्या लाथेने बरगडी नाहीतर जबडा मोडलेले लांडगे तिथे वरचेवर सापडतात. म्हातारं, आजारी, लंगडं जनावर हेरायचं, धोका बेताचाच पत्करायचा, आणि कशावर हल्ला करायचा हे आईबापांकडून शिकायचं, असा हा जगण्याचा हिशेब आहे. बांधलेली मेंढी या हिशेबात कुठे बसते, हे वेगळं सांगायला नको.

वयात आलेली मुलं घर सोडतात. 2011 च्या उन्हाळ्यात स्लोव्हेनियात एका तरुण नराच्या गळ्यात संशोधकांनी जीपीएसचा पट्टा बांधला. त्याचं नाव स्लाव्ह्त्स. डिसेंबरात तो निघाला. मोटारींचे हमरस्ते ओलांडत, द्रावा नदी पोहून, ऑस्ट्रियातून आल्प्स पार करत तो 2012 च्या मार्चमध्ये इटलीत व्हेरोनाजवळच्या लेसिनिया पठारावर पोचला. हजार किलोमीटरांहून जास्त वाट. तिथे त्याला दुसऱ्याच दिशेने, पश्चिमेकडून आलेली एक मादी भेटली आणि पुढच्या वर्षी त्यांना पिल्लं झाली. त्या पठारावर शंभरेक वर्षांत लांडग्यांचं कुटुंब नव्हतं. ही गोष्ट शहरातल्या लोकांना फार आवडते. लेसिनियाच्या गवळ्यांनी मात्र काही वर्षांतच आपली वासरं मोजायला सुरुवात केली, आणि त्यांचं बोलणं वर्तमानपत्रांत तेवढं ठळक आलं नाही. लांडगा कुठे येणार हे कोणत्याही सरकारला आधी ठरवता येत नाही. म्हणून ‘लांडगा आला की बघू’ हे धोरण पहिल्याच रात्री कोसळतं.

आता भीतीकडे वळतो, कारण ती टाळून सहजीवनाबद्दल बोलणं हा अप्रामाणिकपणा आहे. लांडगा माणसाला कधीच काही करत नाही, असं काही निसर्गप्रेमी छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. नॉर्वेतल्या निसर्ग संशोधन संस्थेने जगभरातून गोळा केलेल्या नोंदींनुसार 2002 ते 2020 या काळात लांडग्यांच्या हल्ल्यांत 489 माणसं सापडली आणि त्यांतली 26 दगावली. 380 जणांवर हल्ला करणारे लांडगे पिसाळलेले होते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मिळून या काळात दोनच मृत्यू झाले, तेही उत्तर अमेरिकेत. म्हणजे धोका आहे, पण तो जगभर सारखा पसरलेला नाही, आणि त्याचा मोठा भाग रेबीजचा आहे. ज्या मुलखात कुत्र्यांना लस टोचली जाते तिथे लांडग्याची भीतीही कमी होते. या सरळ उपायाकडे वन्यजीवांवरच्या चर्चेत फारसं कोणी बघत नाही, कारण कुत्र्यांचं खातं वेगळं आणि वाघ-लांडग्यांचं वेगळं.

पिसाळलेला नसताना माणसावर, तेही लहान मुलांवर, हल्ला झाल्याची उदाहरणंही इतिहासात आहेत आणि ती झाकून ठेवायचं कारण नाही. 1764 ते 1767 या काळात फ्रान्सच्या जेव्होदां प्रांतात शंभराच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांत गुरं राखणारी पोरंपोरी बरीच होती. 1996 मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात सत्तरहून अधिक मुलांवर हल्ले झाले. वन्यजीव संशोधक यादवेंद्रदेव झाला यांनी एका सहकाऱ्यासोबत त्याचा अभ्यास केला तेव्हा जे चित्र दिसलं ते लांडग्यापेक्षा गरिबीबद्दल जास्त सांगतं. रानातलं सावज संपलेलं, शेळ्या-मेंढ्यांची राखण कडक, आणि आई मजुरीला गेलेली असल्याने मुलांकडे बघायला कोणी नाही. 2024 मध्ये बहराइच जिल्ह्यात पुन्हा मुलं मारली गेली, तेव्हाही बळी गरिबांच्याच झोपड्यांतले होते. अशा वेळी हल्ला करणारा प्राणी ताबडतोब पकडला गेला पाहिजे, आणि पकडता येत नसेल तर मारला गेला पाहिजे. यात माझ्या मनात किंतु नाही. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला लांडग्याचं परिसंस्थेतलं महत्त्व समजावून सांगायचा अधिकार कोणालाच नाही. पण त्याच गावात घराला दार, रस्त्यावर दिवा आणि घरात संडास नसेल, तर एक लांडगा मारून प्रश्न मिटला असं म्हणायचाही अधिकार सरकारला नाही.

आणि तरीही, वर्षाच्या तीनशेपासष्ट दिवसांतला बहुतेक झगडा माणसांवरच्या हल्ल्यांचा नसतो, तो मेंढरांचा असतो.

युरोपीय आयोगाच्या 2023 च्या अहवालात वर्षाला साधारण 65,500 पाळीव जनावरं लांडगे मारतात असा अंदाज आहे. त्यांतल्या दर चारांमागे सुमारे तीन मेंढ्या किंवा शेळ्या. नुसत्या मेंढ्या धरल्या तर युरोपीय संघातल्या सहा कोटी मेंढ्यांपैकी हे प्रमाण 0.065 टक्के भरतं. हा टक्का लांडग्यांच्या बाजूने बोलणारे फार आवडीने सांगतात, आणि माझ्या मते इथेच ते मेंढपाळाचा विश्वास गमावतात. सरासरी कोणाच्याच मेंढरांच्या वाडग्यात मरत नाही. शंभर मेंढपाळांपैकी नव्वदांचं काहीच जात नाही आणि एकाच्या एका रात्रीत वीस मेंढ्या जातात. रानात हल्ला झाला की बाकीची हरणं पळून जातात आणि लांडग्यापुढे एकच सावज उरतं. कुंपणाच्या आत मेंढ्या पळू शकत नाहीत. त्या कोपऱ्यात गर्दी करतात, भेलकांडतात, पुन्हा समोर येतात, आणि जोवर समोर काही हलतंय तोवर लांडग्याची शिकार चालूच राहते. सकाळी मालक येतो तेव्हा खाल्लेली मेंढी एखादीच असते. बाकीच्या नुसत्या गळा फोडून टाकलेल्या, काही अजून धुगधुगी असलेल्या. त्या त्याला स्वतःच्या हाताने माराव्या लागतात. ज्या गाभण होत्या त्यांतल्या काही वाचल्या तरी भीतीने गाभटतात. त्याच्या हातात पडणाऱ्या भरपाईत मेलेल्या मेंढ्या मोजतात. गाभटलेल्या, दूध आटलेल्या मेंढ्यांचा आणि कित्येक वर्षं निवडून तयार केलेली जात मोडल्याचा हिशेब त्यात नसतो.

म्हणून राखण. आणि राखण कशी करायची हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक आहे. इटलीच्या अब्रुत्सोत, रुमानियाच्या कार्पेथियन डोंगरांत, बल्गेरियात, तुर्कस्तानात, दख्खनच्या माळावर लांडगा कधी नाहीसा झालाच नाही, आणि तिथल्या मेंढपाळांची विद्याही नाहीशी झाली नाही. अब्रुत्सोत पांढरी मारेम्मा कुत्री कळपात वाढवतात. पिल्लू डोळे उघडतं तेव्हापासून ते मेंढरांच्या वासात असतं, कोकरांबरोबर झोपतं, आणि मोठं झाल्यावर मेंढरांनाच आपलं घर समजतं. त्याच्या गळ्यात बाहेरच्या बाजूला लोखंडी खिळे असलेला पट्टा घालतात, कारण लांडगा गळाच धरायला बघतो. हे कुत्रं मेंढ्या हाकत नाही. ते लांडग्याच्या आणि कळपाच्या मध्ये उभं राहून भुंकतं, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं, कारण जखमी होण्याइतकी महाग मेंढी लांडग्यालाही नको असते. आपल्याकडचा धनगर रात्री जाळीची वाघर लावतो, कुत्री सोडतो आणि कळपाला खेटून झोपतो. त्यातही एखादं कोकरू जातंच. पण एक जाणं आणि वीस जाणं यात एका कुटुंबाचं वर्ष बुडण्याइतका फरक आहे.

जिथे लांडगा मारून संपवला तिथे ही सगळी व्यवस्था सुटली. नॉर्वेत उन्हाळ्यात सुमारे वीस लाख मेंढ्या डोंगरात आणि रानात मोकळ्या चरतात, माणसाशिवाय. लांडगा नसल्यामुळे हे परवडत होतं, आणि तिथला सगळा धंदा या गृहीतावर उभा राहिला. आता लांडगा आला की धंद्याचा पायाच हलतो. तिथल्या शेतकऱ्याला ‘पूर्वीसारखी राखण कर’ असं सांगणं सोपं आहे. पण पूर्वी राखणीला घरची पोरं होती, जवळजवळ फुकटात राबणारे गडी होते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. त्या गोष्टीत अख्ख्या गावाच्या मेंढ्या राखायला एक एकटं पोर रानात पाठवलं होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कंटाळा आणि भीती याशिवाय त्याच्यासोबत काही नव्हतं. राखणीची खरी किंमत कुठल्याच काळात कोणी नीट मोजली नाही, म्हणून ती आज एवढी महाग वाटते.

राखण केली तर उपयोग होतो का, याचं उत्तर आता हाताशी आहे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात सॉटूथच्या डोंगरात सात वर्षं एका भागात लांडगे न मारता राखणीवर भर दिला: जास्त कुत्री, रात्री माणूस, दिवे, आवाज, आणि दोरीला लाल चिंध्या लावून केलेलं कुंपण. हे चिंध्यांचं कुंपण मुळात पूर्व युरोपात लांडग्यांची हाकारून शिकार करण्यासाठी वापरत. लांडगा नव्या गोष्टीला बिचकतो आणि फडफडणारी चिंधी ओलांडत नाही, निदान काही आठवडे तरी. मग तो सरावतो. म्हणून एकच उपाय कायम लावून ठेवला की फसतो, आणि आलटूनपालटून वापरला की चालतो. जिथे लांडगे मारले जात होते त्या शेजारच्या भागात मेंढ्यांचं नुकसान राखणीच्या भागाच्या साडेतीन पट होतं. लांडगे मारल्याने पुढच्या वर्षी नुकसान वाढतं, असा अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांच्या आकड्यांवरून 2014 मध्ये काढलेला निष्कर्षही बराच गाजला. पण तेच आकडे दुसऱ्यांनी तपासले तेव्हा उलटं उत्तर आलं. तेव्हा मारल्याने नुकसान वाढतंच असं मी म्हणणार नाही. इतकं मात्र कुटुंबाच्या रचनेवरूनच कळतं की आईबाप मेले तर टोळी बहुधा मोडते, आणि शिकारीत अजून कच्ची असलेली पोरं उघड्यावर पडतात. हरणाच्या लाथांशी झुंजायला न शिकलेल्या पोरांना समोर काय सोपं दिसेल? कोटा ठरवून दरवर्षी अमुक इतके लांडगे मारायचे, या पद्धतीला माझा विरोध आहे तो यामुळे. ज्या टोळीने वाडग्याला हातही लावला नाही आणि जिच्या हद्दीत दुसरी टोळी शिरू शकत नाही, तीच अशा कोट्यात मोडली जाऊ शकते. चांगलं कुंपण, कुत्री आणि माणूस असूनही वारंवार वाडग्यात शिरणारा लांडगा मारावा, हे मला मान्य आहे. ते काम बंदुकीचं आहे. आकडा कमी करणं हे बंदुकीचं काम नाही.

लांडग्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक मोह सोडायला हवा, तो म्हणजे त्याला तारणहार करण्याचा. यलोस्टोनची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. 1926 पर्यंत तिथले लांडगे संपवले, 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, हरणं कमी झाली, विलोची झाडं वाढली, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर परतले, आणि म्हणे नद्यांनी वळणंही बदलली. यातला सुरुवातीचा भाग खरा आहे. पुढचा भाग संशोधकांमध्ये अजून वादाचा आहे. हरणं कमी व्हायला अस्वलं, प्यूमा, दुष्काळ आणि माणसाची शिकारही कारण होती. आणि बीव्हर गेल्यावर खाली गेलेली पाण्याची पातळी नुसत्या लांडग्याने वर येत नाही, हे वीस वर्षांच्या प्रयोगातून दिसलं आहे. लांडग्याला जगायचा हक्क तो आपली नदी दुरुस्त करतो म्हणून द्यायचा असेल, तर उद्या नदी दुरुस्त झाली नाही की तो हक्क काढून घ्यायचा का?

उपयोगाचा मुद्दा खोटा नाही, पण तो शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन पाहावा. जपानच्या डोंगराळ गावांत लांडगा शेतकऱ्याचा मित्र मानला जाई, कारण पिकांवर पडणारी हरणं आणि रानडुकरं तो आवरायचा. चिचिबूजवळच्या मित्सुमिने देवस्थानात आजही लांडग्याच्या मूर्ती राखणीला आहेत आणि त्याच्या चित्राचे ताईत घरी नेतात. तिथेही अठराव्या शतकात रेबीज आला आणि नातं बिघडलं. पुढे मेजी सरकारने उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर घोडे आणि गुरं पैदाशीची मोठी कुरणं उभी केली, अमेरिकन सल्लागार आणले, आणि स्ट्रिक्नीनचं विष घातलेलं मांस रानोमाळ टाकलं. होक्काइदोचा लांडगा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संपला, होन्शू या मुख्य बेटावरचा शेवटचा 1905 मध्ये मारला गेला. आज तिथले शेतकरी हरणांच्या आणि डुकरांच्या उपद्रवाने टेकीला आले आहेत. म्हणजे लांडगा एकाच गावात पिकाचा राखणदार आणि मेंढरांचा वैरी असू शकतो. तो कोण हे तुम्ही काय पिकवता त्यावर ठरतं. आपल्याकडेही इंग्रजांच्या राजवटीत बक्षिसं लावून लांडगे मारले गेले. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत सुमारे दोन लाख, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे.

लांडग्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवावी, माणसांपासून लांब, हा उपाय ऐकायला नीटनेटका वाटतो. पण तो लांडग्याच्या पायांना मान्य नाही. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर 1958 पासून लांडगे आणि मूस हरणांचा अभ्यास चालू आहे. हिवाळ्यात सरोवर गोठून बर्फाची वाट तयार होईनाशी झाली तसं बाहेरचं रक्त येणं थांबलं, आतल्या आतच संबंध होत राहिले, पाठीचे मणके वाकडे झाले, आणि शेवटी दोनच लांडगे उरले. तेही बाप-लेक आणि एकाच आईची मुलं. 2018-19 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणावे लागले. कुंपण घातलेला अभयारण्याचा तुकडा हे लांडग्यासाठी असंच एक बेट असतं. उलट 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की युरोपात अमेरिकेच्या मुख्य भूमीपेक्षा दुपटीने जास्त लांडगे आहेत. आणि युरोपात माणसांची दाटी दुपटीहून जास्त. तिथे लांडगा शेतं, गावं, रस्ते यांच्या मधून जगतो. भारतातला लांडगाही बव्हंशी अभयारण्यांच्या बाहेर, चराऊ माळांवर राहतो, आणि ते माळ सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून लागलेले आहेत. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायला, कारखाना आणायला, भिंत घालायला वाट मोकळी होते. कचऱ्यावर वाढलेली मोकाट कुत्री त्याच माळावर येतात, रोग आणतात आणि लांडग्यांत मिसळतात; पुण्याजवळच्या लांडग्यांच्या जनुकीय तपासणीत असा संकर सिद्धही झाला आहे. या लांडग्याला कोणी बंदुकीने मारत नाही, तरी तो चालला आहे.

तेव्हा जिथे माणूस आहे तिथेच लांडगा राहणार असेल, तर खर्चाची वाटणी सरळ मांडायला हवी. लांडगा हवा असणारे बहुतेक शहरात राहतात, मतदार म्हणून जास्त आहेत आणि त्यांचं कोकरू कधी जात नाही. लांडगा सांभाळणारा डोंगरात किंवा माळावर राहतो, संख्येने थोडा आहे, आणि त्याच्या धंद्यात आधीच फारसं काही उरत नाही. मेल्यावर भरपाई देणं हा या विषमतेवरचा सर्वांत दुबळा उपाय आहे. त्यासाठी मेंढी मरावी लागते, पंचनामा व्हावा लागतो, लांडग्यानेच मारली हे सिद्ध व्हावं लागतं, आणि मग पैसे येतात तोवर दुसरा पावसाळा उजाडतो. भरपाई राखणीला उत्तेजन देत नाही. उलट जो राखत नाही त्याला आणि जो रात्रभर जागतो त्याला एकाच मापाने मोजते. पैसा आधी आला पाहिजे: कुत्र्याच्या खाण्याला आणि लसीला, विजेच्या कुंपणाला, आणि मुख्य म्हणजे रात्री कळपाशी थांबणाऱ्या माणसाच्या पगाराला. फ्रान्ससारखे देश यावर कोट्यवधी युरो खर्च करतात आणि तरी तिथे नाराजी आहे, कारण पगार दिला तरी उंचावरच्या झोपडीत एकट्याने उन्हाळा काढायला माणूस मिळत नाही. मेंढपाळीला प्रतिष्ठा, निवारा आणि सुट्टी देणं हाही लांडगा वाचवण्याचाच भाग आहे. आणि डोंगरात फिरायला जाणाऱ्यालाही थोडं सोसावं लागेल: राखणीची कुत्री अनोळखी माणसावर धावून येतात, तेव्हा कळपाला वळसा घालून लांबची वाट धरावी लागेल.

स्वीडनने 1996 मध्ये सामी लोकांच्या रेनडिअर पाळणाऱ्या गावांसाठी वेगळी पद्धत सुरू केली. तिथे लिंक्स आणि व्हॉल्व्हरिन या शिकारी प्राण्यांनी किती रेनडिअर मारले हे मोजत नाहीत. गावाच्या चराऊ हद्दीत त्यांना किती वेळा पिल्लं झाली हे मोजतात आणि त्यावर गावाला पैसे देतात. गावाने राखण चांगली केली आणि रेनडिअर वाचवले, तरी पैसे तेवढेच. व्हॉल्व्हरिनची संख्या त्यानंतर वाढली. माळरानावरच्या लांडग्यांसाठी अशी योजना का होऊ नये, याचं एकही पटणारं कारण मला दिसत नाही. पिल्लं कोण मोजणार, असा प्रश्न येईल. माळावर कुठल्या ओघळीत बीळ आहे, यंदा किती पिल्लं बाहेर पडली, हे वन खात्याच्या कॅमेऱ्याआधी मेंढपाळाला ठाऊक असतं. आज तो ते कोणाला सांगत नाही, कारण सांगून त्याच्या हाती चौकशीशिवाय काही पडत नाही.